मी सांगितलेलं वजन

“याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे न थांबणारा झटका. सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत माझी चार वर्षांची गौरी दातखीळ बसून पडली होती. हातपाय उडत होते.

मंद्रूपहून जीपने यायला पाऊण तास गेला होता. ताप सकाळपासूनच होता. आठवडी बाजार होता, बायकोचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी म्हणालो, “गोळी दे, उतरंल की.”

“वजन किती?” बाईंनी विचारलं.

“अठरा किलो,” मी लगेच बोललो.

मी शेळ्यांचा व्यापारी. जनावर उचललं की वजन कळतं, आणि विकताना मी ते दोन-तीन किलो चढवूनच सांगतो. गिऱ्हाईकही तेवढं धरूनच चालतं. पण गौरीचं वजन मी चढवलं ते लाजेपोटी. अंगणवाडीत तिचं नाव कमी वजनाच्या पोरांत होतं. सुरेखाला, माझ्या बायकोला, खरा आकडा ठाऊक होता. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून ती खाली बघत राहिली.

बाईंनी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सिस्टर, टेप आणा.”

रंगीत पट्ट्यांची एक लांब फीत आली. तिचं लाल टोक डोक्याशी धरलं. “मामा, पाय सरळ धरा,” सिस्टर मला म्हणाली. मी धरले. ते माझ्या हातात थरथरत होते, आणि मला दुसरं काहीच करता येत नव्हतं. टाच पिवळ्या पट्ट्यावर आली.

“बारा ते चौदा किलो. इथला डोस भरा.”

नंतर बाईंनी समजावलं. ही लेन्थ-बेस्ड टेप. उंचीवरून वजनाचा अंदाज देते. लहान मुलांचं औषध वजनावर ठरतं. “अठराचा डोस गेला असता, तर तिचा श्वास मंदावू शकला असता.”

दुसऱ्या इंजेक्शननंतर झटका थांबला. मग पीआयसीयू, म्हणजे मुलांचा अतिदक्षता विभाग. लम्बर पंक्चर केलं, म्हणजे कमरेतून पाणी काढून तपासलं. दोन दिवस आम्ही बाकड्यावर बसून होतो. सुरेखा एकदाच बोलली, “बाजारात हुबं केल्यालं शेरडू हाय व्हय ती?”



पाण्याचा रिपोर्ट चांगला आला. तिसऱ्या दिवशी गौरीने चहा-बिस्कीट मागितलं.

तुमच्यावर अशी वेळ आली आणि लेकराचं वजन ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हणा, पण चढवून सांगू नका. आमची पोर वाचली, कारण बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो. सिस्टरने वजन विचारलं. सुरेखाने माझ्याकडे पाहिलं.

“ठावं न्हाय,” मी म्हणालो. “मोजा.”

गौरी काट्यावर चढली. “अण्णा, लई हाय का?”

“तेरा हाय,” मी म्हणालो. “तेराच.”