हरणाऱ्यांचे चाहते

मुलांनो, हरणाऱ्या माणसांचं इतकं कौतुक करणारा गृहस्थ अख्ख्या सिंगापुरात दुसरा नसेल. ईस्ट कोस्टच्या आमच्या कॉन्डोत ते अगदी समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. जन्मभर बोटीवर चीफ इंजिनिअर होते, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना चीफच म्हणतात. हिंदी सिनेमाच्या वार्षिक पुरस्कारांचा सोहळा टीव्हीवर लागणार असला, की चीफ सोनेरी बटणांचा कोट चढवतात आणि आम्हा शेजाऱ्यांना जेवायला बोलावतात. नाव जाहीर होण्याआधी पडद्यावर पाचही उमेदवारांचे चेहरे शेजारी शेजारी दिसतात ना, तो त्यांचा आवडता क्षण. विजेता उठला की त्याच्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. "जिंकल्यावर कुणालाही हसता येतं. उरलेल्या चौघांकडे बघा." मग कोण छताकडे बघतो, कोण पदर सारखा करते, कोण नाव पुरतं ऐकण्याआधीच टाळ्या पिटतो, याचं रसग्रहण चालतं. मनापासून टाळ्या वाजवणारा एखादा दिसला, की चीफ चक्क उठून उभे राहतात. या गडबडीत बक्षीस कुणाला मिळालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं.

हे वेड टीव्हीपुरतं असतं तर ठीक. गणपतीतल्या चित्रकला स्पर्धेनंतर ते हरलेल्या मुलांना कोपऱ्यात घेऊन तालीम देत होते. "हात छातीसमोर, मान किंचित तिरपी, डोळे जिंकलेल्यावर."

"पण अंकल, आय लॉस्ट लाह," एक चिमुरडी रडवेली होऊन इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"म्हणून तर तुला शिकवतोय. जिंकलेल्यांना शिकवण्यासारखं काही नसतं."

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पलीकडून म्हणाल्या, "बोटीचं इंजिन बंद पडलं तरी हे आधी टाळ्या वाजवत असतील."

यंदा त्यांची मुलगीच उमेदवार होती. ती मुंबईत सिनेमांसाठी वेशभूषा करते. लहानपणी कॅरममध्ये तिला हरवून चीफ वर तिच्याकडून टाळ्या वाजवून घेत. सोहळ्याच्या दिवशी मात्र ते सकाळपासूनच कोट चढवून बसले होते. कोटाचं बटणही चुकीच्या काजात गेलं होतं, आणि ते सांगायचा धीर कुणाला झाला नाही.

पाच चेहरे आले. नाव दुसरीचं निघालं. आमची पोर अशी हसली, अशा टाळ्या वाजवल्यान् तिने, की सख्ख्या बहिणीलाच बक्षीस मिळालंय असं वाटावं. आम्ही सगळे उभे राहिलो. चीफ बसूनच होते. दोन्ही हात मांडीवर, कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखे.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. चीफनी स्पीकर लावला.

"बाबा, पाहिलंत? जमलं का मला?"

"उत्तम."

"आणि तुम्ही? तिच्यासाठी टाळ्या वाजवल्यात ना?"

चीफनी आमच्याकडे एकवार पाहिलं. "वाजवल्या की. हात दुखले गं."

फोन ठेवल्यावर वहिनी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "दुखतायत ना? द्या इकडे," म्हणाल्या, आणि पुढची सगळी बक्षिसं होईपर्यंत ते हात चेपत राहिल्या.