नवसाचा ऊद

आमच्या ओवीचं नाक त्या महिन्यात तिसऱ्यांदा वाहायला लागलं, तेव्हा माझी श्रद्धा डळमळली हे कबूल करते. सहा वर्षांची पोर. शिंका, लाल डोळे, कोरडा खोकला, आणि आता छातीत बारीकशी शिट्टी. डॉक्टरांच्या सर्दीच्या औषधानं दोन दिवस बरं वाटे, की पुन्हा तेच. काही मोठं दुखणं तर नसेल, ही भीती पाठ सोडेना. शेवटी दत्तमहाराजांना साकडं घातलं. दर गुरुवारी आम्ही थोडा ऊद जाळतोच. पोर बरी होऊ दे, अकरा गुरुवार सकाळ-संध्याकाळ घरभर जाळीन! नवसात मी कसली कंजुषी करतेय? पोर बरी व्हायची वाटही न बघता लगेच सुरुवात केली. धायरीच्या आमच्या दोन खोल्यांत असा धूर कोंडायचा की हे म्हणायचे, "अगं, महाराज दिसेनासे झालेत." सात गुरुवार झाले, ओवी जास्तच बेजार. मला वाटलं, माझीच भक्ती कमी पडतेय. मग मी निखाऱ्यावर आणखी मूठभर ऊद टाकायला लागले.

आठव्या गुरुवारच्या आदल्या दिवशी ऊद संपला. ओवीला घेऊन कसबा पेठेत गेले, तर नेहमीचं दुकान बंद. पलीकडे अत्तर-उदाचं एक छोटं दुकान होतं, तिथे चढले. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. त्यांनी डबा उघडला मात्र, ओवीला सटासट सात-आठ शिंका आल्या. चाचांनी लगेच झाकण लावलं.

"ताई, हिला ताप असतो का?"

"नाही हो, कधीच नाही."

"डोळे खाजवते? नाक पाण्यासारखं वाहतं?"

"सारखं!"

"आणि घरात ऊद किती जाळता?"

मी मोठ्या अभिमानानं नवस सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "वा! म्हणजे औषधही तुम्हीच देता आणि दुखणंही तुम्हीच." मी ओशाळले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "माझ्या नातवाचं हेच होतं. अंगाला उदाचा वास असतो, म्हणून मी आंघोळ केल्याशिवाय तो मांडीवर येत नाही. मी काही डॉक्टर नाही, पण ही ॲलर्जी वाटते. डॉक्टरांना धुराचं सांगा. आज ऊद मिळणार नाही."

तिथूनच डॉक्टरांकडे गेले. "हे आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. आता देवाचा धूर डॉक्टरांना कोण सांगतं हो! त्यांनी छाती तपासली, ॲलर्जीच आहे म्हणाले, ओढायचा पंप कसा द्यायचा ते शिकवलं. धूर बंद, आणि श्वास लागला तर थांबू नका, लगेच या, असं बजावलं.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. नवस मोडायचा म्हणजे काय खेळ आहे? पण निखारे पेटवलेच नाहीत. समई लावली, चाफ्याचं एक फूल वाहिलं आणि म्हटलं, महाराज, चुकलं असेल तर मला शिक्षा करा, लेकराला नको.

पुढे महिनाभरात ओवीची शिट्टी थांबली. एरवी आरतीला आतल्या खोलीत रुमाल धरून बसणारी पोर आता माझ्या शेजारी उभी राहून, सूर सोडून, खणखणीत आरती म्हणते. ते बेसूर ऐकताना माझे डोळे भरून येतात. ते चाचा कोणी पाठवले, हे मी कुणाशी वाद घालून सांगणार नाही. मी मागितलं ते महाराजांनी दिलं. बदल्यात मी जे हट्टानं देत होते, तेवढंच त्यांना नको होतं.