मिस्तरी खाटेवर आणि मुकी गाडी

मिस्तरींच्या पायाला भिंगरी आहे, असं त्यांची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत म्हणाली आणि पुढे तिला तो शब्द कधी मागे घ्यावा लागला नाही. जेवायचे उभ्याने, चहा प्यायचे फिरत. देवाला हात जोडायचे तेही एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. "देव काय पळून चाललाय?" ती विचारायची. बिघडलेल्या गाडीभोवती चार फेऱ्या मारल्याशिवाय त्यांना तिचं दुखणं सापडत नसे. माणूस बसला की त्याचं डोकंही बसतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

अशा माणसाला देवाने खाटेवर निजवलं. जिन्यावरून पाय घसरला, नडगीचं हाड मोडलं, मांडीपर्यंत प्लास्टर आलं. खाट माडीवर, गॅरेजच्या बरोबर डोक्यावर, खिडकीला लागून. म्हणजे आवाज सगळे ऐकायचे आणि हात कशालाच लावायचा नाही.

गॅरेज लेकीने उघडलं. काम ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. पण गिऱ्हाईक यायचं, तिच्याकडे बघायचं आणि "मिस्तरी हिंडूफिरू लागले की येतो" म्हणून निघून जायचं. रोज वरून हे ऐकून मिस्तरींचा जीव खालीवर व्हायचा. देवा, एक गाडी हिच्या हातून बरी होऊन जाऊ दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. नाहीतर प्लास्टर निघेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे रुळेल आणि पोरगी पुन्हा पाना हातात धरणार नाही.

एका सकाळी शेजारच्या गल्लीतल्या औषधवाल्यांची गाडी लोक ढकलत घेऊन आले. आपोआप गिअर बदलणारी, नवी तऱ्हा. औषधवाल्यांनी आत बसून गिअरचा दांडा पार्किंगला टाकला आणि किल्ली फिरवली. ना कर्र, ना टक. गाडी मुकी.

मिस्तरींना राहवलं नाही. खिडकीतून ते ओरडलेच, "बॅटरी बसलीय. बॅटरी बदल."

"झालं समाधान?" बायको म्हणाली. "आता खाली तिचं कोण ऐकणार?"

खरंच, खालून औषधवाल्यांचा आवाज आला, "ऐकलंत ना ताई? मोठे काय सांगतायत? बॅटरी टाका, नाहीतर मी गाडी ओढून मोठ्या वर्कशॉपला नेतो."

यावर लेकीने हॉर्न वाजवला. लांबलचक आणि खणखणीत. मिस्तरींच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बॅटरी बसलेल्या गाडीचा हॉर्न सर्दी झाल्यासारखा निघतो, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"घ्या. आलं उत्तर," बायको म्हणाली.

तेवढ्यात औषधवाले खिडकीखाली येऊन उभे राहिले. "मिस्तरी, तुमचा शब्द शेवटचा. काय करू? ठेवू की नेऊ?"

आता मिस्तरींच्या जिभेवर दुसरंच आलं होतं. गिअरचा दांडा न्यूट्रलला घे, मग किल्ली फिरव. एवढं बोललं की काम झालं. पण मग गाडी सुरू होणार ती त्यांच्या हाताने. त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला.

"मला इथून नुसता आवाज येतो," ते म्हणाले. "मी चुकलो. गाडी तिच्यासमोर आहे, तिलाच विचारा."

"म्हणजे पोरीवर सोडू?"

"सोडा."

औषधवाले घुटमळले आणि आत गेले. मिस्तरींनी चादरीची कड पिळून पिळून तिची दोरी केली.

"देवाचं नाव घ्या," बायको म्हणाली.

"घेतोय. तोही आज सावकाश ऐकतोय."

आणि खालून कर्र झालं. इंजिन बोललं, बंद झालं. मग लेकीचा आवाज, "बघा, दांडा पार्किंगला असला की मुकी, न्यूट्रलला घेतला की सुरू. गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. दांडा कुठे आहे हे तो सांगतो, तेव्हा गाडी सुरू होते. तो जागचा सरकलाय."

"नवा घालायचा?"

"आधी जागेवर आणून बघू."

पान्याची किणकिण झाली. पार्किंगला गाडी सुरू झाली, न्यूट्रललाही झाली. मग पुन्हा किल्ली फिरल्याचा बारीक आवाज आला आणि सगळं गप्प.

"परत बिघडली का?" औषधवाल्यांनी विचारलं.

"नाही, मुद्दाम गिअरमध्ये टाकून बघितलं. ब्रेक दाबून. गिअरमध्ये ती सुरू होताच कामा नये. नाहीतर एखाद्या दिवशी तुम्ही काचेतूनच दुकानात शिराल."

औषधवाले पोट धरून हसले. गाडी बाहेर काढता काढता थांबून म्हणाले, "ताई, ब्रेकही जरा कुरकुरतात. उद्या आणू?"

"आणा."

मिस्तरींनी डोळे मिटले, पण क्षणभरच. जिन्यावर लेकीची पावलं वाजली तसे ते कोपरावर उठले. "बोल्ट सैल होते की स्विचच झिजलाय? स्विचच्या जागेची जुनी खूण होती का? ब्रेक मागचे की पुढचे?"

"सांगते बाबा. आधी हात धुते."

न्हाणीघरात पाणी वाहू लागलं. साबण, मग परत पाणी, मग परत साबण. मिस्तरींचा प्लास्टरचा पाय उशीवरून उचलला गेला. बायकोने तो धरून परत उशीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवूनच बसली.