गाळलेलं वाक्य

निवृत्त झाले तरी विद्यापीठ मला सोडायला तयार नव्हतं. परकीय भाषा विभागाची स्मरणिका निघणार होती आणि विभागाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘मॅडम, तुम्हाला सगळं माहीत आहे.’ सगळं माहीत होतं, हीच तर पंचाईत होती.

विभागातला पोर्तुगीजचा वर्ग आमच्या पापडी गावच्या सरांनी सुरू केला. पहिल्या दिवशी प्रत्येकाने सरांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं, की ही भाषा कशाला हवी. मी शेजारच्या गिरीजच्या ख्रिस्ती वाडीतली. लिहिलं, ‘आजोबांच्या पेटीत एक कागद आहे, तो घरात कुणालाच वाचता येत नाही.’ सर हसले नाहीत. त्यांनी तो कागद वर्गात आणायला लावला आणि सगळ्यांनी शब्दकोश घेऊन त्याचा अर्थ लावला. पणजीच्या लग्नाचा दाखला निघाला. वाचताना कुणाचा आवाज पडला की सर म्हणायचे, ‘पुन्हा वाच.’ पुढे मी तिथेच शिकवू लागले आणि काही वर्षांनी विभागप्रमुख झाले.

सरांनी ऐकल्याशिवाय इतिहास छापायला देणं मला पटेना. त्यांना आता दिसत नाही. पापडीला त्यांच्या घरी गेले आणि ओटीवर बसून वाचत गेले. वर्गाला मिळालेली जिन्याखालची खोली, उसना टेपरेकॉर्डर. सर मान डोलवत होते. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘विद्यार्थी न मिळाल्याने पोर्तुगीजचा वर्ग बंद झाला.’ वाचताना तेवढं वाक्य मी गाळलं.

‘वर्ग बंद कसा झाला, ते नाही लिहिलंस?’ सरांनी विचारलं.

मग वाचावंच लागलं.

खरं म्हणजे त्या वर्षी चौघं आली होती. जर्मनचा वर्ग भरत नव्हता, वरून रोज विचारणा व्हायची. मी त्या चौघांना गोड बोलून जर्मनला बसवलं आणि ‘विद्यार्थी नाहीत’ अशा पत्रावर सही केली. सर तेव्हा निवृत्त होऊन पापडीला बसले होते. त्यांना काय कळणार, असं मी धरून चालले.

सरांनी शेजारी ठेवलेली वर्गातली तीच जुनी वही माझ्या हातात दिली. ‘शेवटचं पान बघ.’

चार वेगवेगळी हस्ताक्षरं, त्याच वर्षीची तारीख. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपली की ती चौघं या ओटीवर येऊन शिकत होती, सरांनी सांगितलं. दोन वर्षं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘सर, मग मला कधी विचारलं का नाहीत?’

‘तू सांगशील म्हणून थांबलो, बाय.’

मी ते वाक्य खोडलं. घरी जाऊन लिहिते म्हटलं असतं, तर ते कधीच लिहून झालं नसतं. तिथेच लिहिलं आणि वाचलं, ‘चार विद्यार्थी होते. वर्ग मी बंद केला.’ शेवटच्या शब्दांना आवाज पडला.

‘पुन्हा वाच,’ सर म्हणाले.