ऐरणींचा पैलवान

आमच्या ऑल्डन गावच्या आइस हॉकी संघाचं नाव होतं अँव्हिल्स, म्हणजे ऐरणी. पोलादाच्या गावाला शोभेल म्हणून मालकानं ते ठेवलं. ऐरणीचं काम घाव सोसण्याचं, हे बहुधा त्याच्या ध्यानात आलं नसावं. आम्ही मात्र ते काम इमानेइतबारे केलं.

मी कॅसिमिर वोयचिक, भट्टीवरचा कामगार. अंगानं दांडगा, पण बर्फावर उभा राहिलो की गाभण गाय. एका हिवाळ्यात संघाचे प्रशिक्षक ड्युगन यांनी मला बोलावलं.

"कॅझ, गोल मारता येतो?"

"नाही."

"वळता येतं?"

"डावीकडे. थोडंफार."

"मग तू मारामारी कर. आपल्या पोरांना कुणी धक्का दिला, की जाऊन हाणायचं त्याला."

त्या काळी प्रत्येक संघ असा एक पैलवान बाळगायचा. मी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता, हे ड्युगनना सांगायचं राहूनच गेलं. मारामारीचा माझा सगळा अनुभव आईच्या हातचा, आणि तोही खाण्याचा.

पहिल्या महिन्यातच लोकांनी माझं नाव 'गादी' ठेवलं, कारण जो तो माझ्यावरच येऊन पडायचा. आई प्रेक्षकांतून ओरडायची, "मेल्या, हात वर कर! आणि तो शर्ट फाडू नकोस, कालच शिवलाय!"

मग शेजारच्या हार्कनेसचा संघ आला. त्यांचा पैलवान लुसियन थिबो, क्विबेकचा. त्याच्या नावानं आमची पोरं चळचळा कापायची. त्यानं आमच्या एकाला मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर आदळलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. गेलो. हातमोजे टाकले, एकमेकांचे शर्ट धरले आणि गरगर फिरू लागलो. गाव उठून उभं राहिलं.

तेवढ्यात थिबो कानाशी पुटपुटला, "दादा, मारू नकोस रे. गुडघा गेलाय माझा."

"मी कुठे मारतोय? तुला सोडलं तर मीच पडेन!"

"मग धर घट्ट. आणि जरा हलव मला, लोक बघतायत."

मी त्याला गदागदा हलवलं. छप्पर उडेल असा आरडाओरडा झाला.

"जेवलायस का?" मी विचारलं.

"कसला जेवतोय!"

"पोलिश चर्चच्या तळघरात आज पिरोगी आहेत. बटाटा भरून उकडलेले. आई करते."

"कांदा परतलेला?"

"लोण्यात."

"मग आता मी पडतो. तू अलगद माझ्यावर ये."

इतका भला माणूस! पण त्याला पडायची सवड मी दिली तर ना. माझाच पाय सटकला, मी उताणा झालो आणि तो माझ्यावर. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: 'थिबोनं गादी अंथरली.'

सामना संपल्यावर तो खरंच जेवायला आला. आई म्हणाली, "तूच का माझ्या लेकाला आपटलंस? बस बाबा. किती वाळलायस!" वाढायला माझी बहीण इरेना होती. तिनं त्याच्या ताटात कांदा जरा जास्तच घातला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं. ज्यानं भर गावात लोळवलं, त्याला भाऊजी म्हणायची पाळी आली. लग्नात त्यानं मला नाचायला ओढलं, तेव्हा लोकांनी पैजा लावल्या.

पुढे मालक एका वसंतात संघ घेऊन दुसऱ्या राज्यात निघून गेला. न धुतलेले शर्ट तेवढे मागे राहिले. कारखाना बंद पडला, मी शाळेची बस चालवू लागलो. दुसरे संघ आले, नवी नावं लावून गेले. यंदा पुन्हा एक आला आणि उद्घाटनाला आम्हा जुन्या खेळाडूंना बर्फावर बोलावलं.

"कॅसिमिर वोयचिक!" निवेदक गरजला. "एकूण गोल, शून्य! जिंकलेल्या मारामाऱ्या..." तो थांबला, कागद उलटून पाहिला. "याची नोंद सापडत नाही."

सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. लोक हसतही होते, पण टाळ्या काही थांबेनात. हात हलवायचा की टोपी काढायची, तेच सुचेना.

नवा संघ त्या संध्याकाळी एकाविरुद्ध सहा गोलांनी हरला.

"सुधारतील," भाऊजी म्हणाले.

"कशावरून?"

"तुझ्यापेक्षा बरे वळतात."

पुढच्या शनिवारची तिकिटं आम्ही तिथल्या तिथे काढली.