देवाजीच्या मागच्या चाकांची पकड

दुपारचं जेवण झालं की देवाजी रामटेके अंगणातल्या खाटेवर आडवा व्हायचा आणि डोळे मिटून गाडी चढवायचा. चढण नेहमी तीच. उतईच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की लाल मुरमाचा उंचवटा लागतो, त्याच्या माथ्यावर त्याच्या मुलीचं, दीक्षाचं, कौलारू घर आहे. झोपेत त्याची जुनी व्हॅन त्या चढणीवरून अशी अलगद जायची की चाकाखाली खडा वाजायचा नाही. आजूबाजूचं गवत वाकायचं, आभाळ जवळ यायचं. माथा दिसायला लागला की भिलाईच्या कॅम्प-एक वस्तीतल्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची आणि देवाजी पुन्हा खाटेवर यायचा. दोन वर्षं हा प्रवास रोज चालला होता. जागेपणी मात्र त्याने लेकीच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं.

कारण विचाराल तर गाडी. निदान देवाजी तसं सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी बायकोला, कमलाला, घेऊन तो एकदाच तिथे गेला होता. ही व्हॅन मागच्या चाकांवर ओढते आणि मागे वजन नसलं की हलकी पडते. निम्म्या चढणीवर मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली, खडे उडाले आणि गाडी हळूहळू घसरत पायथ्याशी आली. वर दीक्षा उभी होती. कमलाचे गुडघे कामातून गेलेले, तिला चालत चढणं शक्य नव्हतं. देवाजीला ते शक्य होतं. पण त्याने खिडकीतून मान काढून ओरडून सांगितलं, "गाडीच्या मागचं काम करून येतो!" आणि गाडी वळवली.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण देवाजी ती कुणाला सांगणार नाही. त्याचा बाप लहानू भंडाऱ्याकडचं गाव सोडून इथे भिलाईला आला तो पोलादाच्या प्लांटच्या बांधकामावर मातीची टोपली वाहायला. गावात त्यांची विहीर वेगळी, वाट वेगळी, आणि जमीन म्हणाल तर चितेपुरतीसुद्धा स्वतःची नव्हती. बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं, लहानूने सोडलं. त्या घरात गाव सोडणं हीच सगळ्यात मोठी कमाई समजली जायची. पुढे देवाजीने रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं काढली. मग दीक्षा प्लांटात लागली, परमनंट, तेव्हा त्याने सगळ्या गल्लीत पेढे वाटले. आणि तीन वर्षांनी त्या पोरीने राजीनामा देऊन उतईकडे दोन एकर माळरान घेतलं, आळिंबी पिकवायला आणि बदकं पाळायला!

देवाजीचं डोकं फिरलं. चार लोकांसमोर तो तिला म्हणाला, "आज्यानं सोडलेलं गाव नातीनं पुन्हा धरलं. शिकून हेच केलं का?" बोललेलं वाक्य परत घेता येत नाही हे देवाजीला त्याच संध्याकाळी कळलं. पण कळणं निराळं आणि वळणं निराळं.

म्हणून त्या चढणीवरून परतल्यापासून त्याने सगळा जीव गाडीच्या मागच्या भागात ओतला.

हथखोजला बाबुलालचं कमानीचं वर्कशॉप आहे. ट्रकांच्या कमानीचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचे, पट्टे तो तापवून, ठोकून पुन्हा बाक देतो. देवाजी पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा त्याने प्लांटवाल्याच्या ऐटीत फर्मान सोडलं, "दोन्ही बाजूले दोन-दोन पट्टे वाढव."

"देवाजीभाऊ, तुमाले माल वाहायचा हाये का चढायचं हाये?" बाबुलालने विचारलं.

"जिथं कमी पडते तिथं लोखंड घालावं. चौतीस वर्षं हेच करून राहिलो मी."

भिलाईच्या माणसाला लोखंडाबद्दल शिकवायला जाऊ नये. बाबुलालने पट्टे घातले. व्हॅनचं बूड असं वर आलं की शेजारची पोरं तिला उधळलेलं वासरू म्हणायला लागली. कॅम्पामागच्या तलावाच्या बांधावर देवाजीने तिची परीक्षा घेतली. चाकं घसरायची ती घसरलीच, शिवाय उड्या मारायला लागली. कमलाची पाठ आठ दिवस शेकावी लागली.

दुसऱ्या कुणी तिथेच माघार घेतली असती. देवाजी उलट खुलला. रात्रंदिवस मोबाइलवर पार्ट बघू लागला. कुठे गॅसचे शॉकअप, कुठे कडक रबरी बुश, कुठे आसाला धरून ठेवणारा दांडा. रायपूरहून पार्सल यायचं. तो नवा शॉकअप मांडीवर घेऊन खाटेवर बसायचा, त्याचा दांडा हळूच दाबायचा, सोडायचा आणि तो श्वास घेतल्यासारखा सावकाश वर येताना बघत राहायचा. तेवढ्यात त्याचे डोळे मिटायचे आणि लाल चढण सुरू व्हायची. गाडीत एक पार्ट लागला की दुसरा कमी वाटायचा. उन्हाळा गेला, पाऊस गेला, पुन्हा उन्हाळा आला, पाऊस आला, थंडी पडायला लागली. दीक्षाचा फोन रोज यायचा, तो कमलाच्या कानाला. देवाजी बाजूला बसून विचारायचा, "रोड कसा हाये म्हणा." कमला विचारायची, ऐकायची आणि सांगायची, "तसाच हाये म्हणते."

शेवटी एका दुपारी कमलाने त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि समोर बसली.

"एक सांगा. गाडी नाई चढत का तुमी नाई चढत?"

देवाजीने घास तोंडात तसाच धरला.

"दोन साल झाले. पोरीचं घर मी फोनमंदी पायते. माझे गुडघे काय सुधरून राहिले का? जे काय करायचं ते करा, नाई तर सांगून टाका का नाई जात. मी आटोवाल्याच्या पाया पडून जाईन."

त्या दुपारी त्याला झोप आली नाही. त्याला भीती वाटत होती. आपण वर गेलो आणि पोर हसतमुख निघाली, तर आपण बोललो ते खोटं ठरेल. आणि ती दुःखी निघाली, तर खरं ठरेल. दोन्ही त्याला सोसवणार नव्हतं. पासष्ट वर्षांचा माणूस, पण त्याला आईच्या कुशीत तोंड लपवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो हथखोजला गेला आणि म्हणाला, "बाबुलाल, यावेळी मी बोलत नाई. तू सांग."

बाबुलालने गाडी जॅकवर घेतली. मागचं चाक लटकलं आणि दोन बोटं खाली येऊन थांबलं.

"पायलं? एवढंच खाली येते. रोडवर नाली आली का चाक तिच्यात उतरतच नाई, वरच्या वर हवेत फिरते. चाक जमिनीले टेकूनच नसन तर पकड कुठून येईन? तुमी लोखंड घालून घालून त्याचे हातपाय बांधले."

"मंग?"

"काढा. जास्तीचे पट्टे बी काढा, कडक बुश बी काढा. जुनी कमान नरम हाये, तिलेच थोडा बाक देतो. शॉकअप लांब लावू, म्हणजे चाक खालपर्यंत जाईन. आन् हा दांडा ठेवू, जोर दिला का आस पिळत नाई, म्हणून उडी मारत नाई."

यातून काही बोध घ्यावा असं देवाजीला सुचलं नाही. त्याला नुसती लाज वाटली. काढलेले पट्टे भंगाराच्या ढिगावर पडले तेव्हा त्याने तिकडे पाहिलं नाही. तलावाच्या बांधावर व्हॅन मांजरीच्या पावलांनी चढली.

"आयतवारी जाऊ," घरी येऊन तो म्हणाला. कमलाने फक्त मान हलवली आणि लुगड्यांची पेटी उघडली.

रविवारी थंडी होती. उतईच्या पुढे शेतांवर धुकं इतकं दाट की बैल नुसते शिंगांनी ओळखावे. कमला मुद्दाम मागच्या सीटवर बसली होती. "वजन मागं पायजे ना तुमाले," ती म्हणाली. डांबर संपलं. देवाजीने पहिला गिअर टाकला, श्वास रोखला आणि गाडी चढणीला लावली.

गाडी चढली. एकही खडा उडाला नाही, चाक कुठे गरगरलं नाही. धुक्यात माथा हळूहळू जवळ येत गेला, अगदी दुपारच्या झोपेत यायचा तसा, आणि देवाजी कुकरच्या शिट्टीची वाट बघत राहिला. ती झाली नाही. गाडी थेट अंगणात जाऊन थांबली.

"पायलं का? शॉकअप!" तो खाली उतरत ओरडला. मागे वळून त्याने चढणीकडे पाहिलं. धुकं थोडं हललं होतं. खालपासून वरपर्यंत दगडी फरशीच्या दोन पट्ट्या होत्या, एकसारख्या, बरोबर चाकांखाली येतील अशा. तो त्यांच्यावरून वर आला होता. इथे बैलगाडीसुद्धा चढली असती.

दीक्षा शेडमधून बाहेर आली. हात कोपरापर्यंत भुशाने भरलेले. "जय भीम, बाबा."

"हे केव्हा केलं?"

"दीड साल झालं."

"माप कुठून भेटलं तुले?"

दीक्षाने गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटवर कमला खिडकीबाहेरच्या बदकांकडे फार लक्ष देऊन बघत होती. "तुमी दुपारी झोपले का आई टेप घेऊन चाकांमधलं अंतर मोजे. फोनवर सांगे."

देवाजीला हसावं का रडावं कळेना. आधी राग आला, मग तो विरघळला. "आन् रोड तसाच हाये म्हणून सांगत होते दोघी! मले कावून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी रोड चांगला झाला म्हणून आले असते," दीक्षा म्हणाली. "मले तुमी माझ्यासाठी आलेले पायजे होते."

देवाजीने वाटभर माफीचं वाक्य पाठ केलं होतं, ते गाडीतच राहिलं. त्याने कमलाला हात देऊन उतरवलं, खुर्चीवर बसवलं. मग उगीच इकडेतिकडे पाहत विचारलं, "तुझं कुठवर हाये?"

"ते बाभळीचं झाड दिसते ना? तिथपर्यंत. आन् इकडून नाल्यापर्यंत."

रामटेक्यांच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारलाच नव्हता. लहानूला कुणी विचारला असता तर त्याला बोट दाखवायला जागा नव्हती. देवाजी धुक्यातल्या त्या बाभळीकडे पाहत राहिला. मग त्याने चपला काढल्या, गाडीपाशी नीट ठेवल्या आणि अनवाणीच तिकडे चालू लागला.

"बाबा, काटे हायेत!" दीक्षा मागून ओरडली.

"असू दे," तो न थांबता म्हणाला. "आपलेच हायेत."