थोरलीनं वर्ग सोडला

थोरली केस कापायची. कात्रीइतकीच तिची जीभही चालायची. पण नवऱ्यामागून परमुलखात आली आणि तिची बोलती बंद झाली. तिथली भाषा आल्याशिवाय कात्री कोण हातात देणार? म्हणून ती आणि तिची धाकटी जाऊ संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागल्या. शिकवणाऱ्या बाई आपल्याच भाषेतल्या, त्यामुळे त्यांचे टोमणे नेमके वर्मी लागत.

सुरुवातीला थोरली भांडी घासतानाही नवे शब्द पुटपुटायची. मग एकदा वर्गात 'उशी'साठी तिथला शब्द म्हणायला गेली आणि भलतंच बोलून बसली. बाईंनी तिला उभं केलं, तेच पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं आणि सगळ्यांना पोटभर हसू दिलं. मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "तू सांग गं. तुझ्या जावेच्या डोक्यावर केस आहेत, आत काही नाही."

धाकटीनं अचूक सांगितलं आणि तीही खुदकन हसली.

तेव्हापासून बाईंनी नुसतं पाहिलं तरी थोरलीची जीभ टाळ्याला चिकटे. घरी बाईंची गादी धाकटी चालवू लागली. सासूसमोर थोरलीचे उच्चार सुधारायची. एकदा थोरलीनं तवाच आपटला. "तुझं तोंड सांभाळ आधी!"

दुसऱ्या दिवशी तिनं वर्ग सोडला.

"चला, सोडणं तरी जमलं तुला," बाई म्हणाल्या.

"तुम्ही तेवढंच शिकवलंत," थोरली म्हणाली.

आता बाईंना नवं गिऱ्हाईक हवं होतं. त्या धाकटीला 'पोपट' म्हणू लागल्या, तिच्या प्रत्येक उत्तराची नक्कल करू लागल्या. एका संध्याकाळी ती रडतच घरी आली. "जाऊबाई, मी नाही जायची तिथं."

थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. "जात्यातले रडतात, सुपातले हसतात. हसलीस ना तेव्हा? भोग आता."

"शिकायला म्हणून गेल्या आणि वैरिणी होऊन आल्या," सासू करवादली.

थोरलीला पुढे एका सलूनमध्ये झाडलोटीचं काम मिळालं. तिचा शब्द चुकला, तर मालकीण बरोबर शब्द सांगून गप्पा तशाच पुढे चालू ठेवी. वर्षभरात थोरली गिऱ्हाइकांशी भांडण्याइतकी तयार झाली. धाकटीनं मात्र पुन्हा पुस्तक उघडलं नाही. दवाखान्यात जायचं झालं की तिला थोरलीला सोबत न्यावं लागतं. थोरली डॉक्टरांना सगळं नीट सांगते. परतीच्या बसमध्ये मात्र ती वेगळ्या बाकावर बसते.